छपराखालचे काम उघड करून दाखवणाऱ्या सुतारकाकांना

आदरणीय सुतारकाका,
सप्रेम नमस्कार.

दापोली तालुक्यातल्या आमच्या घराचे छप्पर तुम्ही पावसाआधी नव्याने घालून दिलेत, त्याबद्दल आभार मानायचेच आहेत. पण हे पत्र सर्वांसमक्ष लिहितो आहे ते कौले उतरवल्यावर जे दिसले, ते तुम्ही झाकले नाहीत म्हणून.

३ जून २०२० रोजी श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या भागातल्या असंख्य घरांची कौले उडाली, त्यांत आमचीही गेली आणि एका ठेकेदाराने घाईघाईने छप्पर पुन्हा उभे केले. खालून पाहता ते नीटस दिसे. तुम्ही मात्र कौलांची पहिली रांग निघताच काम थांबवलेत, आम्हाला शिडीवर बोलावलेत आणि एकेक वासा दाखवलात. तुळईचा आधार नाही अशा अधांतरी जागी नुसते खिळे ठोकून वासे सांधलेले होते. भिंतीच्या माथ्यावर त्यांची टोके सिमेंटमध्ये गाडल्यामुळे ओल धरून कुजली होती. आणि गाभ्याऐवजी सालीलगतचे पांढरे लाकूड वापरून त्यावर गडद ऑइलपेंट चढवलेला होता, ज्याच्या आत भुंग्याने भुसा करून ठेवला होता. रिपांमधले, म्हणजे कौले अडकवायच्या आडव्या पट्ट्यांमधले, अंतर इतके कमीजास्त होते की मंगलोरी कौले रिपेला न अडकता एकमेकांवर केवळ टेकलेली होती. त्याच छपराखाली आमची मुले निजत होती, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो.

त्या ठेकेदाराबाबतही तुम्ही न्याय सोडला नाहीत, याचे मला फार मोल वाटते. वादळानंतर कौले मिळत नव्हती आणि पाऊस तोंडावर होता, म्हणून कौलांखाली फ्लेक्स अंथरला त्याला दोष देऊ नये, असे तुम्ही म्हणालात. कच्चे लाकूड रंगाखाली लपवणे ही मात्र घाई नव्हे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितलेत. ठरल्याप्रमाणे रिपा आणि कौले बदलून तुम्ही मोकळे झाला असता, तर आम्हाला पत्ताही लागला नसता.

वाढीव खर्च तुम्ही लाकूडनिहाय लिहून दिलात, आजोबांच्या वेळचे सागाचे आढे, म्हणजे छपराच्या माथ्यावरचे आडवे लाकूड, ठोकून पाहिलेत आणि ते निरोगी निघाल्यावर नवे घालण्याचा आग्रह धरला नाहीत. वाशांची टोके आता दगडावर, भोवती वारा खेळेल अशी टेकली आहेत, आणि वारा जिथून कौले उचलतो त्या पागोळीकडच्या रांगा तारेने बांधलेल्या आहेत.

दरवर्षी मे महिन्यात शाकारणीच्या, म्हणजे पावसाआधी छप्पर नीट करण्याच्या, वेळी वाशांची टोके टोकदार खिळ्याने टोचून पाहायला तुम्ही आमच्या थोरल्याला शिकवलेत. ते काम त्याने आपल्याकडे घेतले आहे. काही शंका आली तर तो तुमच्याकडेच येईल, त्याला असेच समजावून सांगावे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला कृतज्ञ,
घरमालक