पुढचा शोध निबंधाच्या वहीत सापडणार नाही

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य.

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी वेंगुर्ले तालुक्यात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. यंदा वरून निबंधाचा विषय आला: 'रसायनशास्त्रातला पुढचा मोठा शोध'. वह्या तपासल्या. निम्म्याहून जास्त मुलांनी एआय लिहिलंय.

मुलांचं चुकलं नाही. प्रथिनांच्या रचना ओळखणाऱ्या अल्फाफोल्ड या एआय प्रणालीसाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना 2024च्या नोबेलचा अर्धा वाटा मिळालाच. पण तो संगणक शिकला कशावर? प्रोटीन डेटा बँकेत 1971पासून साठत आलेल्या रचनांवर. कुणीतरी हातानं स्फटिक वाढवले, त्यांवर क्ष-किरण सोडले, तेव्हा त्यांतल्या बहुतेक मिळाल्या.

रेणू जोडून केलेल्या पोकळ जाळ्यांसाठी मिळालेल्या 2025च्या नोबेलची गोष्ट तर आमच्या प्रयोगशाळेच्या खोलीतच घडावी अशी आहे. 1974 साली मेलबर्नच्या विद्यापीठात रिचर्ड रॉबसन विद्यार्थ्यांसाठी रेणूंची मॉडेलं बनवून घेत होते. लाकडी गोळ्यांना भोकं कुठं पाडायची, हे विद्यापीठाच्या कार्यशाळेला सांगायचं होतं. भोकांच्या जागा नीट ठरल्या की गोळे आपोआप योग्य आकारात जुळतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. खरे रेणू असेच जोडले तर? प्रयोग करून पाहीपर्यंत दहा वर्षांवर गेली, शोधनिबंध 1989मध्ये छापला. त्याच वाटेनं सुसुमु कितागावा आणि ओमर याघी पुढं गेले, आणि आज याघींच्या पदार्थातल्या पोकळ्या वाळवंटातल्या हवेतून पाणी ओढतात. कितागावांनी अनुदान मागितलं तेव्हा देणाऱ्यांना त्यात काही अर्थ दिसला नव्हता. (तिथंही फायली होत्या म्हणायच्या.)

आता आमची खोली. गॅसची जोडणी बंद. ब्युरेटच्या (द्रव मोजून सोडायच्या काचनळीच्या) तोट्या गळतात, व्हॅसलिन लावून चालवतो. प्रयोगशाळा परिचराची जागा तीन वर्षं रिकामी. बाटल्या मीच धुतो. बरेच प्रयोग फळ्यावरच 'होतात', आणि तरी प्रात्यक्षिकात तीसपैकी अठ्ठावीस सगळ्यांना! बारावीच्या निकालात कोकण पहिलं येतं, तेव्हा पेढा मीही खातो, पण जरा अवघडूनच.

गेल्या चैत्रात एक मुलगी ओले काजूगर काढून सोललेली बोटं घेऊन आली. म्हणाली, "सर, भाजल्यावर ह्यो चीक कित्याक लागणा नाय?" पुस्तकात नसलेला प्रश्न. टरफलाच्या तेलात मुख्यतः अ‍ॅनाकार्डिक आम्ल असतं. तापवलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्डानॉल उरतं, ते कमी झोंबतं. हे मी तोंडानं सांगितलं. चुन्याच्या निवळीत तो वायू सोडून निवळी दुधाळ होताना तिला दाखवता आली असती, पण तापवायचं कशावर?

मला पैज लावायला सांगाल तर मी या टरफलावर लावीन. कार्डानॉल ब्रेकच्या अस्तरात, रंगांत वापरतात. पेट्रोलियमपासून काढाव्या लागणाऱ्या फिनॉल या रसायनाची जागा ते काही ठिकाणी घेऊ शकतं. इकडे बरीच टरफलं भट्टीत सरपण म्हणून जळतात. पैज हरेनही, कारण रॉबसनवर 1974 साली कुणी लावली असती?

म्हणून मागणं एवढंच: परिचराची जागा भरा, गॅस सुरू करून द्या. फाल्गुनात पुन्हा ओले काजू येतील, आणि ती मुलगी यंदा बारावीत आहे.

आपला,
एक रसायनशास्त्र शिक्षक, वेंगुर्ले