मुहूर्त 9 वाजून 52 मिनिटांचा

चि. चिऊ,
अनेक आशीर्वाद.

पार्सलमध्ये ब्लाउज आहे. घालून बघ आणि दंडाला आवळतोय का ते लगेच कळव, टेलर मंगळवारपर्यंत थांबतो म्हणालाय. लाडवांचा डबा आईनं भरला. तुझ्याशी बोलणार नाही म्हणते, पण एकेक बेदाणा काढून भरलाय.

रविवारी लग्नातल्या मेकअपवरून तू फोन आपटलास त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. आईही जरा जास्तच बोलली. "शेजारच्या वहिनींनी वेणी घातली, तोंडाला पावडर लावली आणि मी बोहल्यावर उभी राहिले" हे तिचं म्हणणं खरं आहे, पण अर्धं. त्या वेणीतलं गंगावन पंगतीतच सैल झालं होतं. आल्बम काढून बघ, प्रत्येक फोटोत तिचा उजवा हात डोक्यावरच्या पदराला आहे. लोकांना वाटलं, काय मर्यादशील सून आहे. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस.

मला बोलायचंय ते पहाटे तीनच्या बेताबद्दल. मेकअपवाल्या ताईंना साडेआठला कराडच्या दुसऱ्या नवरीकडे निघायचंय, म्हणून तू, आई, आत्या आणि दोन्ही करवल्या तीनला उठून ओळीनं बसणार. आदल्या दिवशी हळद, संध्याकाळी सीमांतपूजन, मग जेवणं. अकराच्या आत कोणी आडवं होत नाही. म्हणजे चार तासांची झोप. तुझ्या डोक्याला चार तास पुरत नाहीत, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. बस. आता पुन्हा डोक्याचं नाव काढणार नाही.

परवा कार्यालयात जाऊन नवरीची खोली बघून आलो. खिडकी पूर्वेला आहे. सहा-सव्वासहाला चांगला उजेड येतो, खुर्ची तिकडेच तोंड करून ठेवायची. आतला बल्ब पिवळा आहे. आपल्या स्टँडजवळच्या पार्लरच्या ताई म्हणाल्या, पिवळ्या उजेडात केलेला मेकअप मांडवात आल्यावर भलताच दिसतो. आणि प्लग एकच, तोही कपाटामागे. त्यावर केसांचं मशीन, इस्त्री आणि पंखा एकदम लावले की बटण पडतं, हे मॅनेजरनं स्वतः कबूल केलं. तेव्हा साड्यांना इस्त्री आदल्या दिवशी घरीच होईल. मे महिना आहे, पंखा तुझ्यासाठी लागणार.

आता वेळेचं. नोकरीत एवढं शिकलो की वेळापत्रक शेवटच्या थांब्यापासून मागे लावत यायचं. मुहूर्त 9 वाजून 52 मिनिटांचा. गौरीहरापुढे तू 9.15 ला बसलेली पाहिजेस, कारण गुरुजी वेळेचे पक्के आहेत. दागिने, नथ, मुंडावळ्या याला 15 मिनिटं. मामाची पिवळी साडी नेसायला 25. म्हणजे 8.35 ला तुझा चेहरा आणि केस तयार हवेत. पार्लरच्या ताईंच्या हिशोबानं चेहऱ्याला एक तास आणि अंबाड्याला पाऊण. 6.50 झाले. मेकअपवाल्या ताई साडेआठला निघणार म्हणून पाच मिनिटं अलीकडे घे, आणि अर्धा तास हातात ठेव, कारण नथीचा चाप ऐनवेळी सापडत नाही आणि कोणाची तरी आत्या दार वाजवतेच. सव्वासहाला खुर्चीत. सव्वापाचला उठलीस तरी चालतं. तीन कुठून आले?

तीन आले ते पाच चेहऱ्यांमुळे. पाहुण्या ताईंनी फक्त तुझंच करायचं. आई आणि करवल्यांना आपल्या पार्लरच्या ताई बाहेरच्या खोलीत बघतील, मी सांगून ठेवलंय. आत्या रुसेल, ते माझ्यावर सोड. पन्नास वर्षं तिचा रुसवा काढतोय.

दुसरं, त्या मेकअपवाल्या ताई पुण्याहून मध्यरात्री निघणार म्हणतात, ते मला पटलेलं नाही. लग्नसराईचा रविवार. खंबाटकीत एक कंटेनर आडवा झाला की घाटाखाली किती वेळ उभं राहावं लागतं, ते मला विचार. पहिली फेरी वेळेवर सुटावी असं वाटत असेल तर गाडी मुक्कामी लागते. त्यांना आदल्या रात्रीच बोलाव. कार्यालयात वरची खोली धरून ठेवलीय, जेवण आपल्याकडेच. त्यांचा आकडा ऐकून मी चहाचा कप खाली ठेवला होता, हे खरं. पण तो तू तुझ्या पगारातून देतेयस आणि मला एका शब्दानं विचारलं नाहीस, याचा मला राग आला की अभिमान वाटला, हे अजून ठरत नाहीये.

हळद उतरवताना साबणानं घासू नकोस. आधी खोबरेल तेलाचा हात फिरव, पिवळेपणा तेलात सुटतो. केसही तेव्हाच धू. सकाळी धुतलेले केस भुरभुरतात, अंबाडा धरत नाहीत. पण वाळवूनच झोप, ओल्या केसांनी झोपलीस की तुझं काय होतं…

बघ, आलंच. नाव काढणार नव्हतो.

सहावीतलं गॅदरिंग आठवतंय? कोळीनृत्य होतं. कुठल्यातरी बाईंनी कपाळ ताणलं जाईल इतका घट्ट अंबाडा घातला होता, आत काळं स्टफिंग कोंबून, वर मोगऱ्याचे तीन गजरे. मी ड्यूटीवरून तसाच आलो तर तू पडद्यामागे बाकावर, एक डोळा झाकून. ओकून झालेली, आणि तरी म्हणत होतीस, "बाबा, आमचा नंबर अजून यायचाय." मी एकेक पिन काढत गेलो आणि खाकी शर्टाच्या खिशात टाकत गेलो. सत्तावीस निघाल्या. शेवटची निघाली तेव्हा तू माझ्या पोटावर डोकं टेकलंस आणि तशीच झोपलीस. डॉक्टरांनी अर्धशिशी म्हणून नाव दिलं ते नंतर. आजीलाही होती, आम्ही "तिचं डोकं चढलंय" एवढंच म्हणायचो. जागरण, उपाशी पोट, उग्र वास, ऊन. डॉक्टरांनी ही चार नावं कागदावर लिहून दिली होती. चिऊ, लग्नाच्या सकाळी यातलं काय नसतं, सांग.

म्हणून अंबाडा सैल घालायला सांग, स्टफिंगशिवाय. गजरा अबोलीचा. तिला वासच नाही. मामा रत्नागिरीहून येताना ओल्या कापडात गुंडाळून आणणार आहे. लिपस्टिकच्या आधी पोटभर खा. काकू म्हणेल नवरीनं मुहूर्तापर्यंत उपाशी राहायचं. मी गुरुजींना विचारलंय, दूध आणि फळ चालतं. उपमा मी विचारला नाही. सहाला आणून देईन, दार लावून खा. गोळी तुझ्या पर्समध्ये नको, ती ऐनवेळी कोणाकडे असेल देव जाणे. मामाच्या खिशात ठेवतो. मंगलाष्टकं चालू असताना तोच तुझ्या मागे उभा असणार. दुखेल असं वाटलं की मान मागे वळव, लाजू नकोस. अंतरपाटाआड कोण बघतंय!

पत्र लिहायला घेतलं ते दोन ओळींचं होतं. तू पंधरा माणसांची टीम चालवतेस, तुला वेळापत्रक मी काय शिकवायचं? रागावू नकोस. पटेल तेवढं घे.

मेकअप करून घेताना अंगात पुढून बटणांचा शर्ट लागतो म्हणे, डोक्यावरून काढावा लागत नाही. माझा तो खाकी धुऊन ठेवलाय. खिसा अजून शाबूत आहे.

तुझा,
बाबा

ता. क. आईनं पत्र वाचलं. गंगावनाच्या ओळीपाशी थांबली, काही बोलली नाही. आता आल्बम घेऊन बसलीय. फोन केलास तर तिच्याच नंबरवर कर.