बाई, तुम्ही वाकून आमचा मळा पाहिलात

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

तुम्ही साडी घेतली नाहीत, पाकिटाला तर हातही लावला नाहीत. आभाराचा शब्द काढला की "वासरू कसं आहे?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहिते आहे. आमच्या आसपासची दोन-तीन घरंही आता आमच्यासारख्या मळ्यावर लहान मुलांच्या सहली घ्यायचा विचार करताहेत, त्यांनाही हे वाचायला मिळावं असं वाटतं.

पहिली सहल तुम्हाला मी नीट कधी सांगितलीच नाही. साठ मुलं, सगळी चार-पाच वर्षांची. दिवे घाटाच्या वळणांनी निम्म्यांना मळमळलेलं. उतरल्या उतरल्या आम्ही त्यांना मांडवात बसवलं आणि ह्यांनी माईक हातात घेतला. ठिबक, विद्राव्य खतं, अंजिराचे दोन हंगाम म्हणजे खट्टा बहार आणि मीठा बहार, पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन, सगळं सांगितलं. ह्यांचा त्या बागेवर जीव आहे, ते मनापासून बोलत होते. मुलं मात्र कोंबड्यांकडे बघत होती.

निघताना मोजणी केली तर एक मूल कमी. हे विहिरीकडे धावले, मी शेततळ्याकडे. शेततळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदावरून मोठा माणूस घसरला तरी त्याला वर येता येत नाही, हे शेतकऱ्याच्या घरात सगळ्यांना ठाऊक असतं. ती पंधरा मिनिटं मला अजून झोपेत दिसतात. मुलगा सापडला गोठ्यात. गव्हाणीपाशी बसून वासराला एकेक पान भरवत होता. चूक आमचीच होती. त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही, आणि आता सहली बंद, असं आम्ही ठरवून टाकलं.

सासूबाईंनी तुम्हाला निरोप धाडला. ह्यांना बालवाडीत तुम्हीच शिकवलेलं, त्यामुळे ह्यांना रागवायचा हक्क तुमचाच. तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आलात, चहाही घेतला नाहीत आणि रागावलातही नाही. गुडघ्यात वाकून, डोकं आमच्या कमरेएवढ्या उंचीवर ठेवून तुम्ही सबंध मळा फिरलात. त्या वयात, दुखऱ्या गुडघ्यांनी. मी मागून वही घेऊन चालत होते.

तेवढ्या उंचीवरून आमचा मळा निराळाच होता, बाई. मोटारीच्या स्टार्टरची पेटी मुलाच्या नाकासमोर, आणि तिचं झाकण उघडं. कुंपणाची तार बरोबर डोळ्यांच्या रेषेत. कडबाकुट्टीचं, म्हणजे गुरांचा चारा कापायच्या यंत्राचं, तोंड हात घालायला बोलावल्यासारखं. फवारणीच्या औषधांची खोली नुसत्या कडीवर. तुम्ही म्हणालात, "आधी विहीर आणि तळं बंद करा, मग मुलं बोलवा." विहिरीवर जाळी बसली, तळ्याभोवती कुंपण आणि फाटक झालं. सहलीच्या दिवशी कडबाकुट्टीचा फ्यूज आजही हे खिशात घेऊन फिरतात.

मग संडास. हे आम्हाला सुचलंच नसतं. शहरातलं पाच वर्षांचं मूल अनोळखी, अंधाऱ्या संडासात जात नाही, ते दिवसभर दाबून धरतं आणि त्याची सहल तिथेच संपते, हे तुम्ही सांगितलंत. आज आमच्याकडे दोन छोटे, उजेडाचे, ढकलल्यावर उघडणारे संडास आहेत. पाइपाला भोकं पाडून गुडघ्याच्या उंचीवर नळांची ओळ केली आहे. वासराला हात लावला की आधी साबण, मग खाऊ. बस आली की पहिला अर्धा तास फक्त सावली, पाणी आणि संडास. एका खेपेला पंचवीसपेक्षा जास्त मुलं नाहीत, पाच मुलांमागे एक मोठं माणूस.

पण मला आभार मानायचे आहेत ते मुख्यतः त्या अंजिराचे. दुसऱ्या सहलीला तुम्ही स्वतः आला होतात. एका मुलीनं विचारलं, "अंजिराचं फूल कुठंय?" सासूबाई म्हणाल्या, "उंबराच्या फुलासारखंच ते, कुणाला दिसत नाही." हे उत्तर द्यायला पुढे सरसावले, तेव्हा तुम्ही त्यांचा हात धरलात. पिकत आलेलं एक अंजीर चिरलंत, पिशवीतून भिंग काढलंत आणि त्या मुलीच्या हातात दिलंत. ती बराच वेळ बघत राहिली. मग ओरडली, "सगळी आतच आहेत!" लगेच दुसरा: "मग मधमाशी आत कशी जाते?" आपल्या अंजिराला परागीभवन लागतच नाही, त्यावाचून फळ धरतं, हे ह्यांच्या ओठांवर आलं होतं. तुम्ही मुलांना आधी अंदाज करू दिलात. एक म्हणाला, ती दार वाजवते. ह्यांनी त्या दिवसापासून माईक हातात घेतला नाही.

अंजिराची तोडणी मात्र आम्हीच करतो, चिकानं मुलांच्या हाताला खाज सुटते.

हरभऱ्याचा वाफाही तुमचाच. त्यावर आम्ही काही फवारत नाही, घाटेअळी पडली तर हातानं वेचतो. सकाळी मुलं पाल्यावरून बोट फिरवतात, पाल्यावरची आंबट आंब चाटतात, तोंड वाकडं करतात आणि पुन्हा चाटतात.

त्या दिवशी परतताना तुम्ही कोसबाडची गोष्ट सांगितलीत. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तिथं गुरं राखणाऱ्या मुलांपाशीच शाळा नेली, कुरणशाळा. "मूल आहे तिथं जायचं," एवढंच म्हणालात. मला तेव्हा वाटलं, आमच्याकडे तर मुलं स्वतः चालत येतात आणि आम्ही त्यांना मांडवात बसवून ठेवत होतो.

आणखी एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नसेल. सासूबाई शाळेत कधी गेल्या नाहीत. पाहुणे आले की त्या आत जायच्या. तुम्ही त्यांना जात्यापाशी बसवलंत, "या आजी दळायला शिकवतील" म्हणालात. आता सहलीच्या आदल्या रात्री त्या स्वतः ज्वारी निवडून ठेवतात. मुलं खुंट्याला चार-चार हात लावतात, पीठ सांडतं, त्याच पिठाची भाकरी त्या थापतात आणि चतकोर-चतकोर वाटतात. परवाच्या सहलीत एका मुलानं त्यांना "आजीबाई मॅडम" म्हटलं. त्यांनी हे घरात तीनदा सांगितलं.

हुरडा संपला, हरभरा काढणीला आला. मीठा बहार आता सुरू होईल. विहिरीकडच्या झाडाची पहिली फळं तुमच्यासाठी राखली आहेत. या वेळी चहा घेतल्याशिवाय मळा फिरायचा नाही, असा सासूबाईंचा निरोप आहे. विहिरीच्या जाळीच्या कुलपाची किल्ली त्यांच्याच कनवटीला असते.

तुमची,
मळ्यातली सूनबाई