त्सुनामी किती आत शिरते, हे केवळ लाटेच्या उंचीवर ठरत नाही

संपादक महोदय,

त्सुनामीची बातमी आली, की लाट किती मीटर उंच होती एवढीच चर्चा होते आणि त्या आकड्यावरून शेकडो किलोमीटर आतपर्यंतचा प्रदेश बुडेल, अशी भाकिते समाजमाध्यमांवर फिरू लागतात. अलास्कातील लितुया उपसागरात १९५८ साली दरड कोसळून उसळलेले पाणी समोरच्या डोंगरउतारावर ५२४ मीटरपर्यंत चढले होते, पण त्याचा तडाखा मुख्यतः त्या चिंचोळ्या उपसागरापुरताच राहिला.

जपानमधील ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत हा फरक अधिक स्पष्ट दिसला. मियाकोजवळच्या डोंगराळ किनाऱ्यावर पाणी सुमारे ४० मीटर उंचीपर्यंत चढले, तरी चढामुळे फार आत जाऊ शकले नाही; त्याउलट सेंदाईच्या सपाट मैदानात लाटेची उंची बरीच कमी असूनही पाणी सुमारे पाच किलोमीटर आत घुसले. वादळी लाट काही सेकंदांत फुटून मागे फिरते, तर त्सुनामीच्या एकाच लाटेचे पाणी कित्येक मिनिटे मागून रेटत राहते आणि जमिनीचा चढ, घरे, झाडे, बांध यांच्याशी झुंजताना त्याचा जोर संपेपर्यंत पुढे सरकते. याच मैदानातील जुन्या वाळूच्या थरांवरून इ. स. ८६९ मधील त्सुनामीही काही किलोमीटर आत आली होती, हे संशोधकांनी २०११ च्या आधीच दाखवून दिले होते.

नदीचे पात्र लाभले, तर मात्र हे सारे हिशेब मोडतात. जपानमधीलच किताकामी नदीत २०११ च्या त्सुनामीचा परिणाम मुखापासून सुमारे ४९ किलोमीटरपर्यंत नोंदला गेला. त्याच नदीच्या काठी, समुद्रापासून सुमारे चार किलोमीटरवर असलेली ओकावा प्राथमिक शाळा धोक्याच्या नकाशात पूरक्षेत्राबाहेर दाखवलेली होती. शाळेच्या मागेच टेकडी असताना मुलांना बराच वेळ पटांगणातच थांबवून ठेवले गेले आणि ७४ मुले व १० शिक्षक प्राणांना मुकले. या घटनेविषयी वाचताना आजही मन सुन्न होते.

कोकणासाठी हा विषय परका नाही. पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्यालगतच्या नोव्हेंबर १९४५ मधील भूकंपानंतर उठलेल्या लाटा मुंबईपर्यंत पोहोचल्या होत्या आणि येथेही माणसे वाहून गेली होती. आपल्याकडे किनाऱ्यामागे लगेच डोंगर उभे राहतात, ही जमेची बाजू खरी. परंतु बाणकोट, दाभोळ, जयगड येथील खाड्या समुद्राचे पाणी दूरवर आत नेतात. म्हणून आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यात किनाऱ्यापासूनचे सरळ अंतर मोजून न थांबता खाडीकाठच्या गावांची समुद्रसपाटीपासूनची उंचीही धरावी, आणि तेथील प्रत्येक शाळेत जवळच्या उंच जागेकडे नेणारी वाट ठरवून मुलांकडून तिचा सराव करून घ्यावा, अशी माझी जिल्हा प्रशासनाला कळकळीची विनंती आहे.

— भूगोलाचा एक निवृत्त शिक्षक, रत्नागिरी