तिचं कसं चाललंय, हे तिलाच विचारायचं आहे: मदतीसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

एचआयव्हीसह जगणाऱ्या ग्रामीण महिलांच्या जीवनमानाची पाहणी आमच्या संस्थेने हाती घेतली आहे. त्यासाठी पैसा हवा आहे आणि माणसंही हवी आहेत.

एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचाराच्या, गोळ्या नेमाने घेतल्या की रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी होतो. तो तसाच दबलेला राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. औषधाने केलेलं हे काम फार मोठं आहे. पण या गोळ्या देणाऱ्या केंद्राच्या नोंदवहीत जिची तब्येत उत्तम, तीच बाई घरी गोळ्यांच्या बाटलीवरचं लेबल खरवडून काढते आणि बाटली वाजू नये म्हणून आत कापूस कोंबते. तिला झोप लागते का, घरात तिला कोणी काही विचारतं का, तिच्या हातात स्वतःचे चार पैसे असतात का, हे व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाच्या, आकड्यावरून कळत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या एड्स कार्यक्रमाने २०१४ मध्ये ९०-९०-९० (प्रत्येक ९० म्हणजे नव्वद टक्के) ही उद्दिष्टं मांडली, ती निदान, उपचार आणि विषाणूचं दमन इथवरच होती. त्यात चांगल्या जीवनमानाचं चौथं '९०' जोडा, असं काही संशोधकांनी २०१६ मध्ये सुचवलं. आम्हाला ते मनापासून पटतं.

मोजायचं कसं, हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी १२० प्रश्नांची प्रश्नावली केली आणि तिची ३१ प्रश्नांची छोटी आवृत्तीही आहे. शरीर, मन, स्वावलंबन, नाती, भोवतालची परिस्थिती आणि श्रद्धा असे तिचे सहा भाग. प्रश्न गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे असतात, उत्तर पाच पायऱ्यांवर द्यायचं आणि प्रत्येक भागाला ४ ते २० यांमधला गुण मिळतो. सगळ्यांची मिळून एकच बेरीज करायची नाही, हे आम्हाला विशेष मोलाचं वाटतं. एखादीचा शरीराचा गुण चांगला आणि नात्यांचा अगदी तळाला असेल, तर तिला कशाची गरज आहे हे तिथेच कळतं.

अडचण येते ती प्रत्यक्ष विचारताना. जिला वाचता येत नाही तिला प्रश्न तोंडी विचारावे लागतात, आणि सासू किंवा नवरा ऐकण्याच्या अंतरावर असला की प्रत्येक प्रश्नाला उत्तर एकच, "बरं चाललंय." शिवाय छोट्या गावात अनोळखी माणूस कागद घेऊन एकाच दारात गेला, तर गल्लीभर चौकशी सुरू होते. म्हणून आम्ही कोणाच्याही घरी जाणार नाही. ती गोळ्या न्यायला येते त्याच दिवशी, दार लावता येईल अशा खोलीत, तिच्या संमतीने बोलणं होईल. नाही म्हणाली तर तिच्या उपचारावर त्याचा काहीही परिणाम होणार नाही. प्रश्नावलीवर नाव नसेल, फक्त क्रमांक असेल.

त्या दिवसाची मजुरी बुडालेलीच असते, त्यात आमच्यासाठी थांबली तर परतीची गाडीही चुकते. म्हणून निधीतला पहिला खर्च तिच्या प्रवासाचा आणि बुडीत मजुरीचा. दुसरा समुपदेशकाचा. भविष्याची भीती, मरणाची काळजी, लोकांनी दिलेला दोष हे सगळं या प्रश्नांत येतं. असं काही विचारून एखादीला तसंच घरी पाठवणं आम्हाला मान्य नाही. उरलेला खर्च मुलाखतकार बायकांचं प्रशिक्षण, मानधन आणि छपाई यांचा.

माणसांमध्ये सगळ्यात आधी हव्यात त्या तिथलीच बोली बोलणाऱ्या, पण त्या गावच्या नसलेल्या बायका. स्वतः एचआयव्हीसह जगणाऱ्या महिला पुढे आल्या तर फारच चांगलं. सांख्यिकी जाणणारं कोणी आणि केंद्राजवळ एखादी खोली देऊ शकणारं कोणी असेल, तर त्यांनीही जरूर कळवावं.

देणगीदारांना एक विनंती. या महिलांना भेटण्याचा किंवा त्यांच्या फोटोंचा आग्रह धरू नये. खर्चाचा हिशेब प्रत्येक देणगीदाराला मिळेल. पाहणीचे निष्कर्ष मात्र आधी या महिलांच्या बैठकीत वाचले जातील, मग बाहेर. वर्षभराने हेच प्रश्न पुन्हा विचारायचे आहेत, त्यामुळे एकरकमी देणगीपेक्षा दरमहा थोडी थोडी मदत अधिक उपयोगी पडेल. देणगी संस्थेच्या कार्यालयात किंवा संस्थेच्या बँक खात्यात जमा करावी आणि पावती आठवणीने घ्यावी.

आपले,
संस्थेचे सर्व कार्यकर्ते