गॅस सरेपर्यंत पाणीही बंद?

संपादक महोदय,

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला दिवसातून दहा वेळा एकच प्रश्न विचारला जातो : 'गॅस पास झाला का?' तोवर पाण्याचा घोटही द्यायचा नाही, असा नातेवाइकांचा (आणि काही ठिकाणी अजून डॉक्टरांचाही) हट्ट असतो. बहुतेक नियोजित शस्त्रक्रियांपुरता हा नियम आता कालबाह्य झाला आहे.

पचनमार्ग एकदम बंद पडून एकदम सुरू होत नाही. लहान आतडे साधारण 24 तासांच्या आत हालचाल करू लागते. जठराला 24 ते 48 तास लागतात. सगळ्यांत आळशी मोठे आतडे. ते 48 ते 72 तास घेते आणि गॅस सरतो तो तिथून. म्हणजे त्याची वाट पाहताना अन्न शोषणारे लहान आतडे मात्र विनाकारण उपाशी राहते. शिवाय उपाशी पोट कोरडे नसते. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंड व आतड्याचे रस मिळून निरोगी माणसाच्या पचनमार्गात दिवसाला सुमारे 7 लिटर द्रव उतरतो. हालचाल मंदावली की तोच साचून पोट फुगते, मळमळते.

आतडी सुस्तावण्याची कारणे अनेक. पोट उघडताच मज्जातंतू आतड्यांना थोपवतात. पुढे काही तासांत, हाताळणीमुळे आतड्याच्या स्नायूंच्या थरात दाह सुरू होतो आणि तो जास्त काळ टिकतो. म्हणूनच दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर आतडी सहसा लवकर सावरतात. मॉर्फिनसारखी वेदनाशामके आतड्याची लय बिघडवतात. गरजेपेक्षा जास्त सलाईन दिले तर आतड्याची भिंत सुजते. रक्तातले पोटॅशियम उतरले तर स्नायू आणखी ढिले पडतात. 'अजून एक बाटली लावा' असा आग्रह धरणाऱ्यांनी यातली सलाईनची बाब जरूर लक्षात घ्यावी.

डॅनिश शल्यचिकित्सक हेन्रिक केलेट यांनी 1990च्या दशकात या साऱ्यावर एकत्रित उपाय मांडले. भुलेच्या 2 तास आधीपर्यंत पाण्यासारखे आरपार दिसणारे पातळ पेय चालते, घन आहार मात्र 6 तास आधी थांबवायचा. नाकातून जठरात जाणारी नळी सरसकट ठेवायची नाही. वेदनेसाठी पॅरासिटामॉल आणि भाग बधिर करणारी औषधे आधी, मॉर्फिन कमीत कमी. पूर्ण शुद्धीवर आल्यावर घोट घोट पाणी, मग पातळ आणि सोसेल तसा मऊ आहार. मळमळले तर एक पायरी मागे. पूर्ण जागा असलेला, गिळायला त्रास नसलेला रुग्ण दिवसातून तीनदा पंधरा-वीस मिनिटे च्युइंगगम चघळू शकतो. जेवण आल्याचा भास होऊन आतड्याला संदेश जातो, पण फायदा माफकच. चालण्याने गॅस सुटतो, हे मात्र जरा अतिरंजित आहे. चालायचे ते मुख्यतः फुप्फुसांसाठी आणि पायात गुठळी होऊ नये म्हणून.

फाटलेले किंवा अडकलेले आतडे, अन्ननलिका वा जठराचा नवा जोड अशा रुग्णांचे वेळापत्रक वेगळे असते. तिथे शल्यचिकित्सकाचा शब्द अंतिम. पोटातला गुडगुड आवाज हाही भरवशाचा पुरावा नाही. खाल्लेले टिकणे आणि शौचाला होणे, ही जोडी खरी.

चौथ्या दिवसानंतरही पोट फुगलेलेच असेल, हिरवी उलटी झाली किंवा आधी सुधारलेला रुग्ण पुन्हा बिघडला, तर 'आतडी अजून झोपलीत' म्हणून थांबू नये. ताप, नाडी जलद, धाप, वाढती वेदना, ही आतड्याच्या जोडातून गळतीची लक्षणे असू शकतात. ती अनेकदा पाचव्या ते सातव्या दिवसाच्या आसपास दिसते, म्हणजे घरी सोडल्यानंतरही. अशा वेळी घरच्या घरी जुलाबाचे औषध किंवा एनिमा देऊ नये. तोंडावाटे सारे थांबवून तडक रुग्णालय गाठावे. तिथे नळीने जठर रिकामे करणे, रक्ततपासणी आणि सीटी स्कॅन यांची गरज लागू शकते.

— पोटाच्या शस्त्रक्रियांशी संबंधित काही डॉक्टर व परिचारिका