तंजावरची मराठी तुझी वाट बघतेय

सातारा

चि. छकुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

एम.ए. झालं की एकतर भरतनाट्यमचा रंगमंच नाहीतर पीएचडी, दोन्ही एकत्र जमत नाही असं तुला सगळे सांगतात, हे तू फोनवर बोललीस. मी तेव्हा गप्प राहिलो, कारण असल्या गोष्टीला घाईत उत्तर देऊ नये. मला ते सांगणं मान्य नाही. का, ते सविस्तर लिहितो.

आपल्या नटराज मंदिराशी नर्तकी पद्मा सुब्रह्मण्यम यांचं नाव जोडलेलं आहे, हे तुला ठाऊक आहे. कांचीच्या परमाचार्यांच्या इच्छेने साताऱ्यात हे उत्तर चिदंबरम उभं राहिलं आणि त्यासाठी नाचाच्या १०८ मूळ घटकांची, म्हणजे करणांची, शिव-पार्वतीची शिल्पं पद्माताईंनी आखून दिली. त्यामागे केवढा अभ्यास होता ते मला अलीकडे वाचताना कळलं, आणि तेव्हापासून तुझाच विचार मनात आहे.

त्या १९४३ सालच्या, मद्रासच्या. वडील के. सुब्रह्मण्यम चित्रपट दिग्दर्शक, आणि 'नृत्योदय' ही नृत्यसंस्थाही त्यांचीच. गुरू वळुवूर रामय्या पिल्लै. कोवळ्या वयातच त्या इतरांना शिकवायला लागल्या. तेवढ्यावर थांबल्या असत्या तरी मोठ्या नर्तकी म्हणून नाव राहिलं असतं. पण भरतमुनींच्या नाट्यशास्त्राच्या चौथ्या अध्यायाने त्यांना सोडलं नाही. तलपुष्पपुटापासून सुरू होणारी १०८ करणं त्यात सांगितली आहेत. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात त्यांतली ८१ कोरलेली आहेत, पुढचे दगड कोरेच राहिले. तमिळनाडूतल्या चिदंबरमच्या नटराज मंदिराच्या गोपुरात तर शिल्पांबरोबर श्लोकही खोदले आहेत. ग्रंथात आहे, दगडात आहे, मग आज नाचणाऱ्यांच्या अंगात का नाही?

शिल्पं पाहून बरेच जण करण म्हणजे एक ठरीव अंगस्थिती असंच समजत आले होते. पद्माताईंनी मुळाकडे बोट दाखवलं. हात आणि पाय मिळून जे घडतं ते करण, असं भरतच सांगतो. त्यात स्थान, म्हणजे उभं राहण्याची ढब आहे, नृत्तहस्त, म्हणजे नाचातली हातांची ठेवण आहे आणि चारी आहे. चारी म्हणजे पायाची चाल. ती एका जागी गोठून कशी होईल? माझा जन्म बांधकाम खात्यात नकाशे काढण्यात गेला, त्यामुळे मला हे चटकन पटलं. नकाशात जिना दिसतो, चढणारा माणूस दिसत नाही. शिल्पकाराने हालचालीतला एक क्षण धरला. त्याच्या आधीचं आणि नंतरचं नाचणाऱ्याने शोधायचं. पद्माताईंनी ते श्लोक हाताशी धरून, शिल्पं पाहून आणि स्वतःच्या अंगावर करून शोधलं. त्यावर अण्णामलाई विद्यापीठात प्रबंध लिहिला, आणि त्यातूनच त्यांची भरतनृत्यम् ही नृत्यशैली उभी राहिली.

त्यावर वाद झाले. परंपरेतल्या काहींना ते रुचलं नाही, आणि मला त्यात गैर वाटत नाही. भरताच्या काळी अगदी असंच नाचत होते, हे आज शपथेवर कोण सांगणार? पण नुसत्या संस्कृत पंडिताला श्लोक लागला असता, अंगाचा भार कुठल्या पायावर येतो ते कळलं नसतं. नुसत्या नर्तकीला पाय कळला असता, श्लोक बंदच राहिला असता. तिथे दोन्ही येणारं एकच माणूस लागत होतं. कलेच्या अभ्यासक कपिला वात्स्यायन यांचंही तसंच. अच्छन महाराजांकडे कथक शिकलेली ही बाई पुढे वासुदेवशरण अग्रवालांच्या हाताखाली बनारसला पीएचडी करते, आणि नाच, शिल्प नि साहित्य एकमेकांच्या उजेडात वाचते.

आता तुझं. व्यंकोजीराजांच्या वंशातले तंजावरचे राजे दुसरे सरफोजी यांच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम, वडिवेलू हे चार भाऊ होते. अलारिपूपासून तिल्लान्यापर्यंत जो क्रम तू रोज करतेस, त्याची आजची घडण याच भावांची मानतात. त्याच सरफोजींच्या नावावर नाचासाठी रचलेली मराठी निरूपणं आहेत. मराठी! एक कथा, एक राग, एक ताल, आणि त्यातच जयजय, शरणु, अलारू, शब्द, वर्ण, पद, तिल्लाना. मुंबईच्या आचार्य पार्वतीकुमारांनी त्यांवर काम करून ती रंगमंचावर आणली. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडीतली केवढी तरी कागदपत्रं आहेत. तमिळ मुलीला ती मराठी परकी, आणि मराठी संशोधकांपैकी अडवू, म्हणजे भरतनाट्यमच्या मूळ हालचाली, येणारे किती असतील? तुला भाषा येते, अडवू येतात. मोडी तेवढी राहिली, आणि ती शिकता येते. आजोबांची जमिनीची जुनी कागदपत्रं ट्रंकेत आहेत, सरावाला तीच घे.

म्हणून विषय निवडताना दगडातल्या करणांपेक्षा या निरूपणांकडे आधी बघ, असं मला वाटतं. पटलं नाही तर तसं सांग, मी हट्ट धरणार नाही. पण रियाज सोडायचा नाही. त्याच्याशिवाय या अभ्यासात तू इतर कुणासारखीच एक होशील.

पैशाचा विचार करू नकोस. तंजावरला जायचं ठरलं तर पहिल्या खेपेला मी सोबत येईन. आईचं म्हणणं, संस्कृत आधी पक्कं कर. तिच्याशी मी वाद घातला नाही, कारण ती बरोबर आहे. दिवाळीला येशील तेव्हा विषयाचा कच्चा आराखडा लिहून आण, तिघं मिळून वाचू.

तुझे,
बाबा